चुलीवाचून स्टार्च

भाकरीचा घास सावकाश चावीत राहिल्यास तो हळूहळू गोड लागू लागतो. कच्चे पीठ चघळले तर ती गोडी सहसा येत नाही. लाळेतील विकर दोन्ही वेळां तेच. भेद घडविते ती चूल. धान्यातील स्टार्चचे कण फार घट्ट रचलेले असतात. पाणी व उष्णता मिळून ते फुगले म्हणजे मगच विकराला त्यांची साखर करणे सुलभ होते. पाश्चात्त्य मद्यार्काच्या भट्ट्यांनी दीर्घकाळ हाच क्रम पाळला: आधी धान्य शिजवावयाचे, मग त्यात मोड आणून वाळविलेले सातू, म्हणजे माल्ट, घालावयाचे. माल्टातील हा गुण पायां व पेर्सोझ या फ्रेंच रसायनज्ञांनी १८३३ साली वेगळा काढून त्यास ‘डायस्टेस’ हे नाव दिले.

जपानात हेच काम भातावर वाढविलेली बुरशी करी. तिला कोजी म्हणतात. जोकिची ताकामिने (१८५४–१९२२) यांचे आजोळ साके तयार करणाऱ्यांचे. कोजी त्यांस बालपणापासून परिचित होती. १८९० साली ते अमेरिकेस गेले व इलिनॉयमधील पिओरिया येथे व्हिस्कीसाठी माल्टाऐवजी कोजी वापरण्याच्या खटपटीस लागले. महाग तांदळाच्या जागी त्यांनी गव्हाचा कोंडा घेतला, ही त्यांची खरी चतुराई. माल्ट तयार होण्यास आठवडा वा अधिक काळ जाई, बुरशी दोन दिवसांत तयार होई.

माल्टवाले अर्थातच खवळले. १८९१ साली आग लागून प्रयोगाच्या जागेची राख झाली. आग लावली की लागली, याची चर्चा पुष्कळ झाली आहे; आम्ही तीत पडत नाही. ताकामिने यांचे चाहते माल्टवाल्यांस सरळ खलनायक करून टाकतात, ते मात्र आम्हांस पटत नाही. ज्यांचे सारे भांडवल आणि पोट सातूच्या मोडांवर, त्यांची भीती खोटी नव्हती. अखेर व्हिस्कीचा बेत फसला. १८९४ साली या विकराचे पेटंट मिळाले, आणि ‘ताका-डायस्टेस’ या नावाने ते पार्क-डेव्हिस कंपनीमार्फत पचनाचे औषध म्हणून बाटलीत शिरले. भट्टीने नाकारलेली बुरशी अशी मनुष्याच्या पोटात पोहोचली!

तथापि ताकामिने यांच्या रीतीतही धान्य शिजवावेच लागे. कच्च्या स्टार्चचा मार्ग जपानातच, दुसऱ्या बुरशीने दाखविला. ओकिनावात आवामोरी नावाच्या मद्यासाठी काळी कोजी वापरतात. सेइनोसुके उएदा यांनी १९५०च्या दशकात तिच्या वर्गातील बुरशीचे विकर न शिजविलेला स्टार्चही पचविते, याचा अभ्यास केला. या विकराच्या रेणूस एक निराळा भाग असतो. तो कच्च्या कणाला चिकटून राहतो, आणि उरलेला रेणू त्या जागी कण कुरतडीत बसतो. काळी कोजी सायट्रिक आम्लही निर्माण करते, त्यामुळे उष्ण हवेतही नको त्या जंतूंचा उपद्रव कमी होतो.

एवढे कळूनही कारखाने हलले नाहीत, कारण इंधन स्वस्त होते. १९७३च्या तेलसंकटानंतर मात्र वाफेचा खर्च डोळ्यांत भरू लागला. १९८२ साली सनटोरी कंपनीच्या संशोधकांनी धान्य न शिजविता मद्यार्क करण्याची औद्योगिक रीत प्रसिद्ध केली. २००४ साली अमेरिकेतील साउथ डाकोटाच्या ब्रोइन कंपनीने नोव्होझाइम्स या डॅनिश विकर-उत्पादकांच्या साहाय्याने मक्याच्या इंधन-मद्यार्कात तीच दिशा धरली. तेथे दळलेला मका पाण्यात कालवून विकर व यीस्ट एकदमच घालतात, आणि साखर होणे व आंबणे ही दोन्ही कामे कोमट पिंपात एकाच वेळी चालतात. माल्टही नाही, शिजविणेही नाही.