पेनाच्या जागी पातं

घरगुती कटिंग मशीनवर व्हॅलेंटाइनचं कार्ड कापायला घेतलं, की मशीनकडे हुकूम जातात. त्यांत 'काप' असा हुकूम शोधून सापडत नाही. स्क्रीनवर एक बदाम काढा, तो एचपीजीएल या प्लॉटरच्या, म्हणजे पेनाने चित्र काढणाऱ्या यंत्राच्या, जुन्या भाषेत साठवा आणि ती फाइल साध्या मजकुरासारखी उघडून वाचा. सुरुवातीलाच 'एसपी १' दिसतं, म्हणजे पहिलं पेन घे. मग 'पीयू', पेन वर. मग 'पीडी', पेन खाली. त्यापुढे नुसते आकडे, एका मिलिमीटरचे ४० भाग पाडून मोजलेले. पातं कार्डशीटमध्ये शिरतं ती जागा फाइलमध्ये 'पेन खाली' अशीच नोंदलेली असते. जपानच्या ग्राफटेक कंपनीची स्वतःची वेगळी भाषा आहे आणि सिल्हूट नावाची मशीनं तिच्याच वळणाने बोलतात. तिथे 'एम' म्हणजे सरक आणि 'डी' म्हणजे रेघ ओढ. कापण्याचं नाव तिथेही नाही. मशीनच्या हिशेबी ते चित्र काढत असतं.

ही फाइल वाचल्यापासून मला या मशीनचं कुळ वेगळंच दिसू लागलं. कागदाच्या नक्षीकामाचा विषय निघाला, की सगळे पूर्वज म्हणून कात्रीकडे बोट दाखवतात. माझं म्हणणं असं, की व्हॅलेंटाइनच्या कार्डापर्यंत पोचलेली कापण्याची महत्त्वाची अवजारं लिहिण्याच्या आणि छापण्याच्या घरातून आली. रेघ ओढायला, टोक तासायला किंवा दाब द्यायला केलेली वस्तू एका टप्प्यावर कापू लागली, असं या इतिहासात पुन्हा पुन्हा घडलं आहे.

कात्रीची बाजू लंगडी नाही, हे आधी मान्य करतो. कागद दुमडून कात्रीने नक्षी कापायची कला जर्मन मुलखात जुनी आहे. अठराव्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी ती पेनसिल्व्हेनियात नेली आणि तिथली कागदी प्रेमपत्रं बदाम, पक्षी, फुलं अशा कापीव नक्षीने सजली. शिवाय मशीनवाल्यांनी नावंही अशी ठेवली, की वाद तिथेच मिटावा. कंपनीचं नाव सिल्हूट, तिच्या गाजलेल्या मशीनचं नाव कॅमिओ. सिल्हूट म्हणजे काळ्या कागदातून कापलेली, एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याची आकृती. मग मशीनचं कुळ कात्रीचं नाही तर कुणाचं?

या साक्षीदाराची उलटतपासणी मात्र करायला हवी. एत्येन द सिल्हूट हा फ्रान्सच्या पंधराव्या लुईचा अर्थमंत्री. १७५९च्या मार्चमध्ये नेमला गेला आणि नोव्हेंबरात पायउतार झाला. सप्तवार्षिक युद्धाने तिजोरी रिती झालेली होती. त्याने श्रीमंतांवर कर बसवायला आणि खर्चाला कात्री लावायला घेतली, आणि नाराज पॅरिसने त्याचं नाव स्वस्त, तुटपुंज्या वस्तूंना देऊन टाकलं. रंगीत तैलचित्र परवडत नाही त्याने काळी सावली भिंतीवर लावावी, म्हणून त्या चित्राला सिल्हूट म्हणू लागले, असं एक मत. दुसरं मत सांगतं, की त्याला स्वतःलाच अशा आकृत्या करायचा छंद होता आणि ब्री-सुर-मार्न इथल्या आपल्या वाड्याच्या भिंती त्याने त्यांनीच सजवल्या होत्या. मी पहिल्या मताचा आहे. वाड्याची गोष्ट ऐकायला गोड आहे, पण मोठ्या माणसाच्या नावाला मागाहून चिकटवलेल्या छंदाचा वास तिला येतो. काटकसरीची चेष्टा मात्र त्या आठ महिन्यांच्या कारभारातून सरळ निघते. म्हणजे या नावाच्या मुळाशी कात्री नाहीच, स्वस्ताई आहे.

आणि ती आकृती होत कशी होती? बहुतेक वेळा माणसाला मेणबत्ती आणि कागद यांच्या मध्ये बसवत, सावलीची कड पेन्सिलीने रेखून घेत, पँटोग्राफने ती लहान करत आणि शेवटी काळी रंगवत किंवा कापत. १७८०च्या दशकात गिल-लुई क्रेत्यँने तर चेहऱ्याची कड टिपणारं यंत्रच केलं, फिजिओनोट्रास. त्यात डोळा लावून नजर चेहऱ्याच्या कडेवरून फिरवायची, आणि जोडलेली लेखणी कागदावर तीच कड रेखत जायची. यंत्राने रेघ काढावी आणि रेघ म्हणजेच चेहरा असावा, ही कल्पना तेव्हाची. ओग्यूस्त एदुआर याच्यासारखे उस्ताद समोर माणूस पाहून, काहीही न रेखता, थेट कात्रीने आकृती कापत. त्यांचं कसब थोर होतं, पण ते त्यांच्या बोटांत होतं आणि बोटांबरोबरच संपलं. यंत्राकडे वारसा गेला तो रेखणाऱ्यांचा.

आता माझ्या बाजूचा सगळ्यात जुना पुरावा. सतराव्या-अठराव्या शतकात फ्रान्स, फ्लँडर्स आणि जर्मन मुलखातल्या मठांतून जोगिणी संतांची छोटी चित्रं करत. मध्ये रंगवलेला संत आणि भोवती कागदाचीच लेस, इतकी बारीक की दोऱ्याने विणलेली वाटावी. या चित्रांना फ्रेंचमध्ये कानिव्हे म्हणतात आणि ते नाव ज्या अवजाराने ती कापत त्याचं आहे. कानिव्हे म्हणजे छोटा कानिफ, पिसाच्या लेखणीचं टोक तासायचा चाकू. आपल्याकडे मोडी लिहिणाऱ्याला बोरू तासायला चाकू लागे, तसाच लेखनिकाच्या मेजावरचा हा चाकू. कागदाची लेस शिवणाच्या पेटीतून आली नाही, दऊत-लेखणीच्या शेजारून आली. प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवायच्या या चित्रांची मांडणी पाहा. मध्ये आकृती, भोवती जाळी, खाली दोन ओळी. व्हिक्टोरियन व्हॅलेंटाइनची मांडणी हीच आहे, संताच्या जागी फक्त बाळरूपातला मदन येऊन बसला. मठातल्या चित्रांचा नमुना लंडनच्या कागदवाल्यांनी उचलला, असा माझा तर्क आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर दुसरं काही सुचत नाही.

व्हॅलेंटाइनची नेहमीची कथा सर्वांना ठाऊक आहे. चौसरच्या कवितेतली पाखरं, १४७७ साली मार्जरी ब्रूझने जॉन पॅस्टनला लिहिलेलं पत्र, १८४०ची पेनी पोस्ट. माझी कथा थबकते ती १८३४ साली लंडनमध्ये. डॉब्ज ही उठावाच्या छपाईसाठी नावाजलेली कागदाची पेढी. तिथला जोसेफ ॲडनब्रुक उठाव उमटवलेला कागद हाताळत असताना वर आलेल्या भागावरून कानस फिरली, उंचवटे घासले गेले आणि तिथे भोकं पडली. उरली ती लेस. मठातल्या जोगिणीला ज्याला दिवसच्या दिवस लागत, ते साच्याच्या एका दाबाने आणि घासण्याने होऊ लागलं. इथे कापणारं पातं कुठेच नाही. उठाव आणायचा ठसा कापू लागला, आणि हा ठसा छापखान्याचा.

ही इंग्लिश लेस बोटीतून अमेरिकेत गेली आणि वूस्टर, मॅसॅच्युसेट्स इथल्या एस्थर हाउलंडच्या हाती पडली. १८४७ साली माउंट होलिओकमधून शिकून ती घरी परतली होती. वडिलांचं स्टेशनरीचं दुकान होतं. इंग्लंडहून आलेलं एक कार्ड पाहून तिने स्वतः काही नमुने केले आणि विक्रीच्या फेरीवर निघालेल्या भावाकडे दिले. तिची अपेक्षा २०० डॉलरच्या मागणीची होती, भाऊ ५,००० डॉलरची मागणी घेऊन आला. मग तिने मैत्रिणींना लांब टेबलाभोवती बसवलं. एक चित्रं कापी, दुसरी मागचा कागद लावी, तिसरी लेस चिकटवी. पांढऱ्या लेसखाली रंगीत चकत्या घालायच्या, आणि घड्या घातलेल्या कागदाच्या बारीक स्प्रिंगांवर वरचा थर उचलून धरायचा, ही तिची खासियत. आज थरांमध्ये फोम टेप घालून कार्ड उठावदार करणारे तिचंच काम करत असतात. शेजारच्या ग्राफ्टनमधल्या जोथम टाफ्टने हा धंदा तिच्या आधी सुरू केला, असं काहीजण आग्रहाने मांडतात. धंदा आधी कुणी सुरू केला हे माझ्या लेखी गौण आहे. कार्ड वेगवेगळ्या थरांत कापून मग जुळवायचं, ही रीत हाउलंडने रुजवली आणि मशीनवर काम करणाऱ्यांकडे वारशाने आली ती तीच.

मशीनवर कार्डाबरोबर डबेही कापले जातात, पण डब्याची शाखा वेगळी. बदामी आकाराचा चॉकलेटचा डबा रिचर्ड कॅडबरीचा, हे सगळेच सांगतात. सालावर मात्र मतभेद आहेत. कुणी १८६१ म्हणतं, कुणी १८६८. चित्रांनी सजवलेले कॅडबरीचे डबे १८६८ साली बाजारात आले, म्हणून मला ते साल जवळचं वाटतं. पण खरं सांगायचं तर हा वादच आपल्या कामाचा नाही. ते डबे कडक पुठ्ठ्याचे, हाताने चिकटवून उभे केलेले होते. मशीनवर आपण कापतो तो डबा आधी सपाट असतो आणि मग घड्यांवर उभा राहतो. त्याचा जनक कॅडबरी नव्हे, रॉबर्ट गेअर.

गेअर मूळचा एडिंबराचा, कारखाना न्यूयॉर्कला. १८७९ साली त्याच्याकडे बियाणांच्या पिशव्यांचं छपाईचं काम चालू होतं. घडीची खूण उमटवणारी धातूची पट्टी जागची हलून वर आली आणि हजारो पिशव्या चिरल्या गेल्या. नुकसान मोजता मोजता त्याला दिसलं, की एकाच साच्यात काही पट्ट्या उंच ठेवल्या आणि काही बोथट ठेवल्या, तर एका दाबात कापणं आणि घडी पाडणं दोन्ही होईल. हे त्याने करून पाहिलं ते जुन्या छपाईच्या मशीनवर. आपल्याकडच्या छापखान्यांत याला पंचिंग आणि क्रीजिंग म्हणतात. छपाई ऑफसेटवर गेल्यावर कितीतरी जुन्या ट्रेडल मशीनच्या वाट्याला आता हेच काम उरलं आहे. खिळ्यांच्या जागी पोलादी पट्ट्यांची डाय बसते आणि लग्नपत्रिकेची पाकिटं, मिठाईचे बॉक्स निघतात. गेअरच्या कारखान्यात अपघाताने झालं, ते इथे रोजच्या कामात चालू आहे.

ॲडनब्रुकचा ठसा आणि गेअरची पट्टी, दोन्ही दाबायला केलेल्या आणि दोन्ही कापू लागल्या. तिसरी कलाटणी पेनाची.

१९५९ साली कॅलकॉम्प कंपनीचा ५६५ हा ड्रम प्लॉटर आला. कागद पुढेमागे, पेन डावीउजवीकडे, आणि संगणकाच्या आकड्यांतून रेघ. घरगुती कटिंग मशीनची चाल आजही हीच आहे. त्या चालीत पातं आणणारा माणूस म्हणजे जोसेफ गर्बर. १९२४ साली व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून सुटून १९४० साली आईबरोबर अमेरिकेत हार्टफर्डला पोचला. विद्यार्थिदशेत पायजम्याचं इलॅस्टिक काढून त्याने आलेख मोजायची ताणणारी पट्टी केली आणि तिच्यावर कंपनी उभी केली. त्याच्या कंपनीने आलेख काढणारी यंत्रं केली, आणि १९६९ साली कापडाचे थरच्या थर संगणकाच्या हुकमाने कापणारं गर्बरकटर एस-७० आणलं. कापड हलू नये म्हणून खालून हवा ओढून ते धरून ठेवलं जाई. आपल्या मशीनची चिकट मॅट हेच काम करते. १९८३ साली त्याच कंपनीने व्हायनिलमधून अक्षरं कापणारं साइनमेकर आणलं आणि पाट्या रंगवणाऱ्यांचं जग बदललं. गाडीच्या काचेवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लावून देणारं आपल्याकडचं रेडियमचं दुकान या शाखेचंच. तिथला कारागीर मशीनला आजही प्लॉटरच म्हणतो. त्यात पेन नसतं, तरी नाव पेनवाल्या यंत्राचं आहे.

पाटीच्या दुकानातून हे यंत्र कार्डाच्या टेबलावर आलं ते युटाहमध्ये. मॉर्मन पंथात पूर्वजांच्या नोंदी राखणं हे धर्मकार्य मानतात. १९८० साली सॉल्ट लेक सिटीत वंशनोंदींची जागतिक परिषद भरली, तिथे मॅरिलेन क्रिस्टेन्सनने आपल्या कुटुंबाच्या सजवलेल्या वह्या मांडल्या आणि स्क्रॅपबुकची लाट उठली. सजवायला आकार हवे, आकार कापायला डाय हव्या. युटाहच्याच प्रोव्हो क्राफ्ट कंपनीने एलिसन कंपनीबरोबर २००१ साली सिझिक्स हे हाताने फिरवायचं डाय-मशीन आणलं आणि २००६ साली क्रिकट हे कटिंग मशीन. आल्बमच्या पानाचं माप १२ इंच चौरस म्हणून मॅटचं मापही तेच झालं. दुसऱ्या बाजूने ग्राफटेकच्या प्लॉटरचं घरगुती रूप सिल्हूट म्हणून त्याच राज्यातून बाजारात आलं. वंशावळी जपण्याची इतकी तळमळ नसती, तर हे मशीन घरात यायला आणखी एक पिढी लागली असती, असं मी ठामपणे म्हणतो.

पेनावर पात्याचं कलम कुठे केलं ती जागा आजही दिसते, आणि मला हा सगळ्यात पक्का पुरावा वाटतो. पेनाच्या टोकाला दिशा नसते, पात्याला असते. म्हणून पात्याचं टोक त्याच्या फिरण्याच्या आसापासून किंचित बाजूला ठेवतात, म्हणजे ते ओढलं जाताना आपोआप पुढच्या दिशेला वळतं. सरळ रेघेवर हे छान चालतं. कोपऱ्यावर मात्र आस वळतो आणि टोक मागे राहतं. त्यामुळे प्रत्येक कोपऱ्याला सॉफ्टवेअर एक इवलीशी कमान घालून पातं वळवून घेतं. कापण्यासाठी जन्मलेल्या यंत्राला ही मागाहूनची दुरुस्ती लागली नसती.

हे कुळ ओळखलं, की कामही सुधारतं. बदामाचं खालचं टोक आणि वरची खाच ही दोन ठिकाणं सोडली तर त्यात कोपराच नाही, म्हणून तो इतका स्वच्छ निघतो. लेसची भोकं टोकदार ठेवली तर बारीक कागद कोपऱ्यात फाटतो. ती गोल ठेवावीत. डबा करताना घडीच्या रेघांना पातं लावू नये, बोथट टोक लावावं, गेअरच्या बोथट पट्टीसारखं. आणि नवा साचा थेट महागड्या कार्डशीटवर कापण्याआधी मशीनमध्ये पेन बसवून तो साध्या कागदावर काढून घ्यावा, तो घड्या घालून उभा करावा, चिकटवायच्या पट्ट्या कुठे कमी पडतात ते पाहावं. या मशीनला मुळात येतं ते रेघ काढणं. रेघ बरोबर असली की कापणं बरोबर होतं.