१८५७ साली रिसोड कुणाच्या राज्यात होतं?

विज्ञान मेळाव्याच्या निमित्ताने रिसोडच्या एका शाळेत गेलो होतो. मधल्या सुट्टीत इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी दोन ऐतिहासिक ॲटलस माझ्यासमोर उघडून ठेवले. "सर, आठवीतल्या एका मुलाने विचारलंय, १८५७ साली आपलं रिसोड कुणाच्या राज्यात होतं? या पुस्तकात वऱ्हाडला इंग्रजांचा गुलाबी रंग आहे, त्यात निजामाचा हिरवा. यातलं चांगलं पुस्तक कोणतं?"

मी काही इतिहासकार नव्हे. पण प्रयोगशाळेत दोन उपकरणांनी दोन वेगळी मापं दाखवली, तर त्यातलं एक लगेच भंगारात टाकायचं नसतं. दोन्ही उपकरणं एकच गोष्ट मोजताहेत ना, हे आधी पाहायचं असतं. म्हणून त्या वर्षी रिसोडवर नेमका कुणाचा अंमल होता, तिथून सुरुवात केली.

निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज ठेवलेली होती, हैदराबाद कंटिंजंट. तिची एक छावणी रिसोडहून फार लांब नव्हे, पैनगंगेपलीकडे हिंगोलीला होती. या फौजेच्या पगाराची बाकी थकत गेली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा मुलूख कंपनीच्या ताब्यात आला. ताब्यात आला, मालकीचा झाला नाही. कारभार आणि वसुली इंग्रजांची, सार्वभौमत्व मात्र निजामाचं. पुढे १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपये खंडाने कायमचा पट्टा झाला, आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. तरी निजामाचा हक्क कागदावर राहिलाच. १९३६ च्या करारात तो पुन्हा मान्य झाला आणि त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. तो युवराज इथला कारभार पाहत नव्हता, हे वेगळं!

म्हणजे गुलाबी पुस्तकाने कारभार रंगवला होता, हिरव्याने मालकी. दोघांचंही चुकलं नव्हतं. चूक होती ती नकाशाच्या कोपऱ्यातल्या चिन्हसूचीत. रंग कशाचा आहे, कारभाराचा, खंडणीचा की नुसत्या दाव्याचा, हे दोघांनीही सांगितलं नव्हतं. मी बाईंना म्हटलं, कुठलाही ऐतिहासिक ॲटलस हाती आला की नकाशाच्या आधी ही सूची वाचा. तिथे नुसतंच 'राज्य' असं लिहिलं असेल तर जरा सावध व्हा.

आपल्या भागात याहून अवघड प्रसंग आहे. अठराव्या शतकात बराच काळ वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल होता. एकाच मुलखातून दोघेही वसूल घेत. शेवटी अडगाव आणि गाविलगडच्या लढायांनंतर, डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा भाग भोसल्यांनी सोडला. आता १७६० चा वऱ्हाड कोणत्या रंगाने रंगवणार? एकच रंग भरला की विद्यार्थ्याच्या मनात आजच्या राज्यांसारखी तारेच्या कुंपणाची सरहद्द उभी राहते. दुरंगी पट्टे काढता येतात. छपाई महाग पडते, पण चांगला संपादक ती किंमत मोजतो.

सरहद्दीच्या रेषेचंही थोडं गणित करा. प्रमाण एकास एक कोटी असेल, तर कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे १० किलोमीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या रेषेखाली ५ किलोमीटरचा पट्टा झाकला जातो. वऱ्हाड आणि निजामाचं राज्य यांच्यातली पैनगंगेची सरहद्द अशा नकाशावर पाहिली, तर काठची गावं रेषेच्या शाईतच बुडतात. हा काही दोष म्हणता येत नाही, ती प्रमाणाची मर्यादा आहे. पण माहितीच नसताना तेवढीच ठाशीव रेषा मारणं, हा मात्र दोष आहे.

याचं उदाहरण आपल्या वाशीमचंच. वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म म्हणजे वाशीमहून राज्य करत होती, हे आज आपण सहज सांगतो. पण ते नीट कळलं १९३९ साली वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट सापडले तेव्हा. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातला लेख आधीपासून माहीत होता, तरी त्यातली वंशावळ खरी उलगडली ती या ताम्रपटांनंतर. तेव्हा शाळा-कॉलेजांसाठी चार्ल्स जॉपन यांनी १९०७ मध्ये काढलेल्या ॲटलसमध्ये ही शाखा नसेल, तर त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आजच्या पुस्तकात ती नसेल, तर जरूर ठेवा. आणि असेल, तर कशी आहे ते पाहा. ताम्रपट वत्सगुल्माहून दिलेला आहे आणि दान दिलेलं गाव नांदेडच्या बाजूचं आहे. म्हणजे पुराव्याने आपल्याला दोन ठिपके दिले. त्यांच्याभोवतीची सरहद्द हा अभ्यासकाचा अंदाज. लेख सापडलेली ठिकाणं ठिपक्यांनी दाखवून अंदाजाची रेषा तुटक काढणारा नकाशा मला जास्त प्रामाणिक वाटतो, दिसायला जरा उघडाबोडका असला तरी.

मोगल काळाची अडचण उलटी आहे. 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची आणि महालांची यादी आहे, त्यात बासीम म्हणजे वाशीमही येतं. पण यादी म्हणजे नकाशा नव्हे. इरफान हबीब यांनी १९८२ च्या मोगल साम्राज्याच्या ॲटलसमध्ये अशा याद्यांतली नावं जमिनीवर शोधली, आणि कोणती जागा कशावरून ठरवली याच्या तपशीलवार टिपा नकाशांबरोबर छापल्या. जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांनी संपादित केलेला दक्षिण आशियाचा मोठा ॲटलस (१९७८, दुसरी आवृत्ती १९९२) असाच आहे. नकाशांनंतर भरपूर मजकूर, संदर्भसूची आणि नावांची सूची. तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो, तेव्हा शाळेकडे पैसे नाहीत ही सबब इथे चालणार नाही. अख्ख्या उपखंडाच्या प्रमाणावर आपला तालुका दिसेनासा होतो, ही त्याची उणीव म्हणा. टिपा नसलेला ॲटलस मी तरी भिंतीवर लावायच्या चित्रातच धरतो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे चाळीस मिनिटांत कसं सांगायचं?" सुट्टी संपली होती. मीही त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो. त्यांनी फळ्यावर वऱ्हाड काढला, आत गुलाबी आणि हिरव्या खडूने आळीपाळीने तिरप्या रेघा ओढल्या, आणि खाली सूची लिहिली: गुलाबी म्हणजे कारभार, हिरवा म्हणजे मालकी.

प्रश्न विचारणारा मुलगा उभा राहिला. "मग परीक्षेत काय लिहू?"

"दोन्ही लिही," बाई म्हणाल्या, "आणि १८५३ चा तह लिहायला विसरू नको."