बंद पडणाऱ्या मोटारीचा इतिहास

यंत्रांचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. पुस्तकं यंत्र पहिल्यांदा चालू झालं त्या दिवसाबद्दल भरभरून सांगतात. पण तेच यंत्र मधेच बंद पडायला लागलं तेव्हा कोणी काय केलं, याबद्दल अवाक्षर नसतं! होडीच्या मागे अडकवायची मोटार, म्हणजे आउटबोर्ड, हे त्याचं उत्तम उदाहरण.

तिची जन्मकथा तशी सुरस आहे. १८८१ मध्ये गुस्ताव त्रूव्हे या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या सेन नदीत विजेवर चालणारी अशी मोटार होडीला लावून दाखवली. पुढे अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमनने पेट्रोलवर चालणारी मोटार केली आणि १९०७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. पण नाव झालं ते ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराचं. दंतकथा अशी, की तळ्याकाठच्या सहलीत बेसला आइस्क्रीम खावंसं वाटलं, हा पठ्ठ्या होडी वल्हवत ते आणायला गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं. १९०९ मध्ये त्याची मोटार बाजारात आली. एक सिलिंडर, दीड अश्वशक्ती आणि वजन सुमारे २८ किलो. बेस तोवर त्याची बायको झाली होती आणि धंद्याची पत्रं नि जाहिराती तीच बघायची. वल्ही फेकून द्या आणि आमची मोटार घ्या, अशा अर्थाची तिची जाहिरात खूप गाजली.

आता ही वल्ही जरा लक्षात ठेवा.

मला जास्त आवडते ती तीस वर्षांनंतरची गोष्ट. १९३९ च्या जानेवारीत कार्ल कीकहेफर नावाच्या तरुण इंजिनियरने विस्कॉन्सिनमधल्या सीडरबर्ग गावी एक बुडीत निघालेला कारखाना विकत घेतला. त्याला होड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. दुधाच्या धंद्यासाठी चुंबकीय यंत्रं करायची, असा त्याचा बेत होता. पण कारखान्यात सुमारे तीनशे आउटबोर्ड मोटारी धूळ खात पडल्या होत्या. टपालाने माल विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीने सदोष म्हणून परत पाठवलेल्या! हाती पैसा हवा म्हणून त्याने त्या एकेक करून खोलल्या, सुधारल्या आणि त्याच कंपनीला परत विकल्या. त्या इतक्या बऱ्या चालल्या की कंपनीने आणखी मागवल्या. दुधाची यंत्रं बाजूला पडली, आणि पुढच्याच वर्षी मर्क्युरी हे नाव जन्माला आलं. म्हणजे आज जगभर दिसणाऱ्या या मोटारींचं मूळ नव्या शोधात नाही, तर दुसऱ्याने टाकून दिलेल्या मोटारी का चालत नाहीत, हे धीराने बघण्यात आहे.

आता ती 'का' बघायची कशी? याचीही एक परंपरा आहे. आमचे मालवणकडचे एक काका (नात्यातले वाचक ओळखतीलच) तिचे पाईक. दहा मिनिटं छान चालून मोटार बंद पडली की बाकीचे दोरी ओढत बसतात. काका म्हणतात, "आधी टाकीचा झाकाण बघ, मगे इंजिनाक हात लाव."

यातही इतिहास आहे बरं का! जुन्या मोटारींची टाकी मोटारीच्याच डोक्यावर असे आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरे. १९४९ च्या सुमारास टाकी वेगळी होऊन होडीच्या तळाशी आली आणि नळी आली. पुढे पेट्रोल ओढून घ्यायला मोटारीत पंप आला. सोय झाली, पण संशयितही वाढले. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला, तर पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी होते आणि पंपाला काही ओढता येत नाही. झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज आला, तर चोर सापडला! स्क्रू उघडाच असेल, तर मोटार मरायला लागताच नळीवरचा रबरी फुगा दाबायचा. त्याने ती सावरली, तर पंप तरी थकलाय किंवा नळी कुठेतरी हवा खातेय. वेगात नीट चालते पण हळू केली की मरते, मग कार्ब्युरेटरचं बारीक भोक तुंबलंय. गार असताना चालते आणि तापली की बंद, मग ठिणगीकडे, कॉइलकडे बघायचं. आणि मागून पडणारी थंड पाण्याची बारीक धार थांबली असेल, तर बाकी काही न बघता आधी मोटार बंद!

या यादीत अलीकडे एक भर पडली आहे. २०२५ पर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि खाऱ्या दमट हवेत आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या होडीच्या टाकीत पाणी शिरतंच. ते प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं. नळीचं तोंडही नेमकं तळाशीच! म्हणून काका आता उरलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरून बघतात. दोन थर दिसले की ते वापरायचं नाही.

रस्त्यावर गाडी बंद पडली तर आपण कडेला घेतो. खाडीच्या तोंडाशी कडा नसते. तिथे वाळूच्या दांड्यावर लाट फुटत असताना मोटार थांबली, तर होडी आडवी व्हायला क्षणही पुरतो. अशा वेळी झाकण, फुगा, प्लग ही यादी आठवत बसायला सवड नसते, ती हातातच असावी लागते. हे हात पुस्तकातून तयार होत नाहीत. सीडरबर्गच्या त्या तीनशे मोटारींनी काही तयार केले, आमच्या किनाऱ्यावर तसे कितीतरी आहेत. त्यांची नावं कुठल्याच इतिहासात यायची नाहीत.

बेसबाईंची ती जाहिरात शंभर वर्षांहून जुनी झाली. एव्हिनरूड नावाच्या मोटारींचं उत्पादनही २०२० मध्ये थांबलं. काकांच्या होडीत मात्र मोटारीशेजारी दोन वल्ही अजून आडवी बांधलेली असतात.