हबशी, दख्खनमधील
मध्ययुगीन दख्खनमधील आफ्रिकी वंशाचे लोक. ‘हबश’ या ॲबिसिनियाच्या (इथिओपिया) अरबी नावावरून ही संज्ञा रूढ झाली. त्यांपैकी पुष्कळ जण गुलाम म्हणून येथे आणले गेले; लष्करी सेवेत मात्र मुक्तता व बढती शक्य असे. निजामशाहीचा कर्तबगार कारभारी मलिक अंबर (सु. १५४८–१६२६) हा एकाहून अधिक वेळा विकला गेला होता. त्याला विकत घेणारा पेशवा चंगीझखान हाही हबशीच होता.

अहमदपूरच्या दक्षिणेस असलेला उदगीरचा किल्ला १६३६ मध्ये सिद्दी मिफ्ताह याच्या ताब्यात होता. खानदौरानच्या मोगल फौजेने घातलेला वेढा सु. तीन महिने चालला. अखेर शरण जाऊन तो मोगलांच्या सेवेत शिरला व हबशखान हा किताब पावला. तवारिखांत येतात ते असे किल्लेदार आणि सरदार. त्यांच्या हाताखालचे शिपाई, वाड्यांतील दासदासी यांचा निर्देश क्वचितच व तोही बहुधा निनावी आढळतो. ज्यांची नावे आहेत, तीही बहुतेक धन्यांनी ठेवलेली. अंबर हे नावदेखील बगदादच्या मालकाने दिलेले. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगतात.