पेटीच्या आत पेटी

नालासोपारा पश्चिमेला उतरा आणि रिक्षावाल्याला ‘बुरूड राजाचा कोट’ सांगा. समोर विटांचा जुना स्तूप दिसेल. या गावाचं जगातलं स्थान दाखवणारं प्रदर्शन तुम्हाला इथंच मांडायचंय. त्यासाठी आधी मागे जायला हवं.

साल १८८२. पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणायला घेतलाय. विटांच्या पोटातून दगडी पेटी निघते. झाकण बाजूला होतं. मधोमध तांब्याचा करंडक, भोवती कांस्याच्या आठ मूर्ती: सात बुद्ध आणि अजून यायचा असलेला मैत्रेय. वाकून पाहा. तांब्यात चांदीची डबी, चांदीत दगडाची, दगडात स्फटिकाची, स्फटिकात सोन्याची. आणि सोन्यात? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे, अशी श्रद्धा. तुमची दालनं याच क्रमानं लावा. याहून चांगला आराखडा कुणी काढून देणार नाही.

पेटीत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही आहे. ते तळहातावर घ्या, की तुम्ही दुसऱ्या शतकात. खाडीला भरती आलीय, जहाजं लागतायत. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या सागरी प्रवासग्रंथात या बंदराचं नाव आधीच नोंदलं गेलंय. इथल्याच एका माणसाचं दान घाटावर कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबावर कोरलंय. मूर्ती मात्र नाण्यानंतर कित्येक शतकांच्या. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी स्तूप उघडला, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. त्या अनाम हातांना एक अख्खं दालन द्या.

अजून मागे, इसवी सनापूर्वी तिसरं शतक. इथं दगडावर सम्राट अशोकाचा आठवा लेख कोरला जातोय: पूर्वीचे राजे शिकारीला निघत, हा राजा धर्मयात्रेला निघाला. हाच मजकूर गिरनारला, ओडिशात धौलीला आणि पार वायव्येच्या डोंगराळ मुलखात मानसेहऱ्यालाही आहे. जमिनीवर मोठा नकाशा रंगवा, सोपारा मध्यभागी ठेवा आणि तिथून या सगळ्यांकडे रेघा ओढा. १९५६मध्ये नववा लेख जवळच्या भुईगावला सापडला, तेही त्यावर दाखवा.

लेखाचा दगड आज मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, करंडक एशियाटिक सोसायटीकडे. गावात उरल्या विटा. निदान हुबेहूब प्रतिकृती तरी स्तूपाशेजारी हव्यात, आणि त्या मागायला तुम्हीच जा. आपलं गाव पाहायला सोपाऱ्याच्या पोरांनी चर्चगेट लोकल का पकडावी?