गाण्याचे तिकीट



मागच्या महिन्यात आमच्या राजुऱ्याच्या महिला मंडळातल्या चौदा जणी चंद्रपूरला शास्त्रीय गाणे ऐकायला गेलो. कार्यक्रम साडेसहाचा. निम्म्या जणींचा चौविहार, म्हणून साडेचारलाच जेवणे उरकली, पाणी पिऊन घेतले आणि पाचला गाडी सुटली. वर्धेचा पूल ओलांडताना एकीने हळूच सांगितले, "घरी विचारत होते, रात्री बायांनी गाणं ऐकायला कशाला जायचं?" आम्ही हसलो, पण मला सासूबाई आठवल्या.

सासूबाई डाळ निवडताना छान गुणगुणायच्या. ओसरीवर पावले वाजली की गप्प व्हायच्या. मी एकदा म्हटले, "म्हणा ना." त्या म्हणाल्या, "गाणं ही आपल्या घरातली गोष्ट नाही."

सभागृहात गायिका येऊन बसली, तंबोरे लागले, आणि ते वाक्य माझ्या मनातून जाईना. घरी आल्यावर जुनी पुस्तके काढून बसले. जे समजले ते तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, ते वाक्य खरे नाही. आपल्या स्थानांग आणि अनुयोगद्वार सूत्रांत सात स्वरांचे विवेचन आहे. पार्श्वदेव या जैन ग्रंथकाराने 'संगीतसमयसार' लिहिला. सुधाकलश या जैन मुनींनी १३५० साली 'संगीतोपनिषत्सारोद्धार' पूर्ण केला. म्हणजे गाण्याचे शास्त्र आपल्याकडे होते. मग बाईच्या गळ्यातले गाणे घराबाहेर कसे गेले?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठे गाणे राजेरजवाड्यांच्या आणि सावकारांच्या आश्रयाला होते. गाणाऱ्या स्त्रिया बहुतेक कलावंतिणींच्या घराण्यातल्या. त्यांनी पिढ्यानपिढ्या विद्या जपली, पण समाजात त्यांना मान नव्हता. घरंदाज बाईला मान होता, पण तिने गाऊ नये, आणि मैफलीला तर जाऊच नये.

हे बदलायला सुरुवात केली ती मंडळांनीच. मुंबईत पारशी मंडळींनी १८७० साली गायन उत्तेजक मंडळी काढली. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला. चांगल्या घरच्या माणसांनी एकत्र जमून गाणे ऐकावे, शिकावे, हा हेतू. पुढे पं. भातखंडे याच गायन उत्तेजक मंडळीत शिकले. आपण मंडळ करून, वर्गणी काढून, गाडी ठरवून गाण्याला जातो, त्याचे मूळ तिथे आहे.

दुसरे मोठे काम पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे. ते कुरुंदवाडचे. त्यांनी दरबार सोडला आणि सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर गाणे केले. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईला. आता मी पडले कॉमर्सची, मला तिकिटात हिशेब दिसतो. दरबारात एकच जण सगळे पैसे देतो, म्हणून तो म्हणेल ते गायचे, म्हणेल तेव्हा गायचे. तिकीट लावले की पाचशे जण थोडेथोडे देतात. गाणाऱ्यावर कोणा एकाचा हक्क राहत नाही. आणि ऐकणारी बाईसुद्धा कोणाची पाहुणी म्हणून येत नाही, स्वतःची खुर्ची विकत घेऊन बसते.

या तिकिटाचा खरा उपयोग केला तो हिराबाई बडोदेकरांनी. जन्म १९०५, मिरजेचा. वडील किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. पलुस्करांच्या संगीत परिषदेत कोवळ्या वयात त्या लोकांसमोर गायल्या. पुढे तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्री गायिका म्हणून त्यांचे नाव झाले. हातवारे नाहीत, अदा नाहीत. अंगभर पदर घेऊन, शांत बसून, डोळे मिटून गायच्या. त्यांना ऐकायला घरातल्या बायका नवऱ्याबरोबर, मुलांना घेऊन येऊ लागल्या. बालगंधर्व स्त्रीभूमिका करत त्या काळात हिराबाईंनी भावंडांना घेऊन नाटक कंपनी काढली आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. कंपनी कर्जात गेली, बंद पडली. ते कर्ज त्यांनी गाऊन फेडले. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

पण मैत्रिणींनो, या हिशेबाची दुसरी बाजूही लिहायला हवी. गाण्याला 'चांगल्या घरात' आणताना, ज्या बायकांनी ते सांभाळले होते त्यांनाच उंबऱ्यावर थांबवले गेले. १९४६ साली आकाशवाणीने, ज्यांच्या खासगी आयुष्याची जाहीर चर्चा होते अशांना गाऊ द्यायचे नाही असा नियम केला. त्याचा रोख कलावंतीण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गायिकांवर होता. गोव्याच्या मोगूबाई कुर्डीकर केवढ्या मोठ्या गायिका! त्यांच्याबरोबर दौऱ्यावर जाताना आईला मिळणारी वागणूक लहान किशोरीने पाहिली होती. ती पुढे किशोरी आमोणकर झाली, आणि मैफलीत कोणी बेपर्वाईने वागले तर खपवून घेत नसे. लोक त्यांना तापट म्हणायचे. मला आता तो ताप कळतो.

आपला राजुरा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९५६ नंतर नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. जंगलाच्या कडेच्या या गावात मैफल कुठली! नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली, आणि नंतर ज्यांच्या घरी रेडिओ आला त्यांच्याकडे गाणे आले. सासूबाईंनी हिराबाईंना ऐकले असेल ते स्वयंपाकघरातून, बैठकीतल्या रेडिओवर. तिकीट काढून खुर्चीवर बसून कधीच नाही. त्या ८१व्या वर्षी गेल्या.

त्या संध्याकाळी मध्यंतरात चहा आला. आम्ही चौविहारवाल्या नुसत्या बसून राहिलो. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईने विचारले, "उपवास का?" मी सांगितले. ती म्हणाली, "मग तुमचं कान भरून जेवण होऊ द्या." भैरवी होईपर्यंत कोणीही उठले नाही.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. नात दोन वर्षांपासून गाण्याचा क्लास मागते आहे. शिवणाच्या, इंग्लिशच्या क्लासला आम्ही लगेच हो म्हटले. गाण्याचे निघाले की मीच म्हणायचे, "दहावीनंतर बघू." सासूबाईंचेच वाक्य मी जरा गोड करून म्हणत होते. ओसरीवर वाजणारी पावले आता माझीच होती.

रोजच्या खर्चाच्या वहीत मी त्या रात्री लिहिले: तिकीट, गाडीची वर्गणी. खाली दुसऱ्या दिवशीची नोंद आहे: गाण्याचा क्लास, पहिल्या महिन्याची फी. तुमच्या घरात कोणी गुणगुणत असेल, आणि तुम्ही आल्यावर थांबत असेल, तर जरा दाराबाहेर थांबा. ओळ पूर्ण होऊ द्या.