पीएक्सईच्या चार ओळी : भाष्य

नेटवर्कवरून संगणक कसा उठावा हे इंटेलच्या पीएक्सई २.१ या १९९९ च्या स्पेसिफिकेशनमध्ये सांगितले आहे. तो उठला नाही, की जुन्या बायोसच्या यंत्रावर एखादीच ओळ उमटते. ती प्रमाण मानावी. मात्र ती जेवढे म्हणते तेवढेच घ्यावे.

ई६१ : मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल.
मीडिया म्हणजे येथे नेटवर्कची तार. या ओळीचा अर्थ कार्डाला लिंक दिसत नाही. पुष्कळदा मात्र यंत्राला नेटवर्कवरून उठायचेच नसते. हार्डडिस्क सापडली नाही म्हणून ते इथवर घसरते. तेव्हा आधी बूट ऑर्डर पाहा, मग केबल.

ई५१ : नो डीएचसीपी ऑर प्रॉक्सीडीएचसीपी ऑफर्स वेअर रिसीव्हड.
डीएचसीपी म्हणजे आयपी पत्ता देणारी सेवा. प्रॉक्सीडीएचसीपी म्हणजे पत्ता न देता केवळ बूटची माहिती देणारी. ऑफर मिळाली नाही, इतकेच ओळ सांगते. कोणी दिली नाही, असे ती म्हणत नाही. घाईचा वाचक येथेच सर्व्हर रीस्टार्ट करतो.

तीन अर्थ संभवतात. पहिला, सर्व्हर खरोखर गप्प आहे. दुसरा, यंत्राची हाक पोचली नाही: ती ब्रॉडकास्ट असते, राउटर तिला पलीकडे नेत नाही, म्हणून सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या भागात, असेल तर हाक पुढे नेणारा रिले हवा. तिसरा अर्थ सहसा सुटतो. यंत्र चार हाका मारते आणि ४, ८, १६, ३२ सेकंद थांबते. म्हणजे शेवटची हाक २८ व्या सेकंदाला जाते. जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये, म्हणजे स्विचमधल्या लूप टाळणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये, लिंक जुळल्यावर स्विचचा पोर्ट १५ आणि १५ असे ३० सेकंद बंद असतो. बेरीज तुम्हीच करा. लिंक थोडी आधी जुळली तर यंत्र उठते, नाहीतर नाही. 'कधी चालते, कधी नाही' ही तक्रार यातूनच येते. मध्ये साधा, अनमॅनेज्ड स्विच जोडून पाहा. यंत्र उठले तर तिसरा अर्थ खरा. मग त्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न पाहता पोर्ट उघडणारी सेटिंग, लावा.

ई५३ : नो बूट फाइलनेम रिसीव्हड.
या नकारात एक होकार दडलेला आहे: निदान एक ऑफर मिळाली. म्हणजे तार, पोर्ट आणि पत्ता देणारा सर्व्हर यांच्यावरचा संशय मिटला. उरले फाइलचे नाव. डीएचसीपीचा पर्याय ६७ भरलेला नाही, किंवा नाव सांगणारा प्रॉक्सी बोललाच नाही. रिले एकाच सर्व्हरकडे लावला असेल तर दुसरी शक्यता मला अधिक पटते.

ई३२ : टीएफटीपी ओपन टाइमआउट.
टीएफटीपी म्हणजे फाइल आणून देणारी साधी सेवा. पत्ता मिळाला, नाव मिळाले; फाइल मागितली आणि उत्तर आले नाही. 'फाइल सापडली नाही' यासाठी ई३बी ही वेगळी ओळ आहे. म्हणून येथे फाइलच्या नावातली स्पेलिंग तपासत बसू नये. सर्व्हरचा पत्ता चुकला आहे का, सेवा चालू आहे का, हे पाहावे, मग फायरवॉल. मागणी यूडीपी ६९ वर जाते, पण सर्व्हर उत्तर देतो नव्याच पोर्टवरून. म्हणून ६९ उघडला की काम झाले, हे वाचन अपुरे आहे. खात्रीसाठी त्याच नेटवर्कवरच्या लॅपटॉपवरून तीच फाइल मागावी. मात्र त्याआधी लॅपटॉपची स्वतःची फायरवॉल तपासावी. ती तेच उत्तर अडवते आणि सर्व्हर नाहक दोषी ठरतो.